छायाचित्रकाराची टीप : आकडा आणि कारण

छायाचित्राखाली त्याच्या कर्त्याने लिहिलेली तांत्रिक टीप समीक्षकाने वाचावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. चित्र रसिकासाठी आणि टीप कारागिरांसाठी, अशी एक सोयीची वाटणी रूढ झालेली आहे आणि तिचा फायदा दोन्ही पक्षांना मिळत आला आहे. रसिकाला अपर्चर, शटर, आयएसओ ह्या शब्दांच्या वाटेस जावे लागत नाही. छायाचित्रकाराला आपण चित्र अमुकच तऱ्हेने का काढले ह्याचा जबाब द्यावा लागत नाही. तरीही ही टीप म्हणजे गद्यच होय. एका माणसाने आपली कृती दुसऱ्याला कळावी ह्या हेतूने ते लिहिलेले असते. म्हणून गद्याला लावावयाचा पहिला प्रश्न तिलाही लावता येतो : जे सांगण्याचा ती आव आणते, ते ती सांगते काय?

एक उदाहरण घेऊ. चैत्र पौर्णिमेस हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचे बगाड निघते. मुळशी तालुक्यातील हे गाव आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे ओळखले जाते आणि काचेच्या इमारतींनी वेढलेले आहे. पण त्या दिवशी रस्ता बगाडाचा असतो. गळ लावून घेतलेला मानकरी, ज्याला गळकरी म्हणतात, तो उंचावर आणि गर्दी खाली, अशी ही रचना कोणाही छायाचित्रकाराला मोह घालणारी आहे. समजा, ह्या बगाडाचे एक चित्र कोणी प्रसिद्ध केले आणि खाली लिहिले : ‘एफ ८, १/१००० सेकंद, आयएसओ २००.’ ह्या टिपेवरून वाचकाला काय कळले?

छायाचित्रकारांमध्ये एक जुना ठोकताळा आहे. निरभ्र उन्हात अपर्चर एफ १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका धरावा. म्हणजे आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. तेच प्रमाण एफ ८ ला आणले तर १/८०० सेकंद येते. तेव्हा वरील टीप एवढेच सांगते की ऊन स्वच्छ होते आणि छायाचित्रकाराने ते जवळजवळ ठोकताळ्याप्रमाणे मोजले. आता हिंजवडीच्या पूर्वेस वाकड आहे. दुपार कलल्यावर बगाड ह्या दिशेने ओढले जात असेल, तर सूर्य मिरवणुकीच्या पाठीशी असतो. मिरवणुकीच्या मागे राहून काढलेल्या चित्रात गळकऱ्याच्या पाठीवर ऊन पडलेले असेल आणि त्याच्या अंगावरील प्रत्येक रेघ दिसेल. पुढे जाऊन, मिरवणुकीला सामोरे उभे राहून चित्र काढले तर तोच गळकरी सावलीतल्या बाजूने दिसेल. उजळ आकाशावर उमटलेली एक काळी आकृती, चेहरा नसलेली. पूर्वेकडील एखाद्या काचेच्या भिंतीवरून ऊन उलटून आले, तर ह्या दोहोंहून वेगळे असे तिसरे चित्र मिळेल. तिन्ही चित्रांखाली तीच टीप अक्षरशः खरी ठरेल. पहिले चित्र एका माणसाचे, दुसरे एका विधीचे, तिसरे कदाचित बदललेल्या गावाचे. आणि ह्या भेदाबद्दल टीप एक अक्षर बोलत नाही.

आकडा खोटा नाही. तो फळ आहे, कृती नव्हे. कोठे उभे राहावे, ऊन कोणत्या अंगावर घ्यावे, छायेतील तपशील बुडाला तरी चालेल की नाही, हे निर्णय आधी होतात आणि त्यांचा हिशेब म्हणून शेवटी आकडा निघतो. हिशेबाची फक्त शेवटची ओळ प्रसिद्ध करणे आणि तिला तंत्राची देवघेव म्हणणे, ही आजची सर्वमान्य रीत आहे. ती नेहमीच अशी होती असे मात्र दिसत नाही.

छायाचित्रणाचा जन्मच मुळी कृती जाहीर करण्याच्या घटनेशी जोडलेला आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची पद्धती विद्वानांच्या सभेत उघड करण्यात आली. फ्रेंच सरकारने कर्त्याला निवृत्तिवेतन देऊन ती जगाला मोकळी केली. (इंग्लंडात मात्र दागेरने पाचच दिवस आधी पेटंट घेऊन ठेवले होते, औदार्याला सीमा असतात.) टॅल्बटने आपल्या कागदी पद्धतीचे पेटंट १८४१ मध्ये घेतले. उलट फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरील कोलोडिऑनची ओली पद्धती १८५१ मध्ये एका नियतकालिकात सरळ छापून टाकली आणि १८५७ मध्ये तो विपन्नावस्थेत वारला. डिसेंबर १८५४ मध्ये टॅल्बटने लारॉश नावाच्या व्यावसायिकावर भरलेला दावा लंडनच्या न्यायालयात चालला आणि कोलोडिऑनची पद्धती टॅल्बटच्या पेटंटाच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय झाला.

ह्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. हिंदुस्थानातील अशी ही पहिली संस्था. पुढल्या वर्षी तिचे नियतकालिक निघाले. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळात होते; आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, ज्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक पुढे आले. ह्या मंडळींना कृतीची देवघेव का करावी लागली, हे समजून घेण्यासाठी रसायनाकडे वळावे लागते.

कोलोडिऑन म्हणजे ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळविलेला गनकॉटन. हे द्रावण काचेवर ओतावयाचे, काच हलवून ते सारखे पसरावयाचे, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ती काच प्रकाशसंवेदी करावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी तिच्यावरील प्रतिमा विकसित करावयाची. लंडनच्या थंड हवेत ह्यासाठी काही मिनिटांची सवड मिळत असे. परंतु ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आतच उकळू लागते आणि दख्खनच्या एप्रिलातील दुपार ह्या मर्यादेच्या वर सहज जाते. काचेच्या एका कोपऱ्यात ओतलेले द्रावण दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच त्यातील ईथर उडून जावे, पापुद्रा सुरकुतावा, आणि विकसन-द्रावणाने उष्णतेच्या भरात सगळी काच काळवंडून टाकावी, असा हा प्रकार. लंडनची कृती लंडनच्या प्रमाणांसह येथे उतरवून घेणाऱ्याला अपयशच येणार. ज्याला ईथर मिश्रणात कशासाठी असते हे ठाऊक आहे, तो मात्र त्याचे प्रमाण कमी करून अल्कोहोल वाढवील, आणि विकसन मंदावावे म्हणून त्यात अम्ल अधिक घालील. उष्ण प्रदेशातील छायाचित्रकारांनी हेच केले.

म्हणजे त्या काळी कृती सांगणाऱ्याला कारण सांगणे भागच होते. वाचक दुसऱ्या हवेत, दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्या उन्हात काम करणारा. त्याच्या हाती नुसते प्रमाण देऊन उपयोग नव्हता. कारखान्यांतून तयार प्लेटा आणि मागाहून फिल्म मिळू लागल्यावर ही गरज ओसरली. साहित्य सर्वत्र सारखे झाले आणि त्याबरोबर ऊनही सर्वत्र सारखे आहे असा एक समज हळूहळू पसरला.

ह्या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासाबाहेर काढून पाहिले पाहिजे. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मग ठसे आणि छपाईचा व्यवसाय. ह्या वाटेने फाळके प्रथम छायाचित्रकार झाले. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली : ठराविक काळाने एकेक चौकट घ्यावयाची आणि त्या सलग दाखवावयाच्या, म्हणजे अंकुर पाहणाऱ्याच्या देखत वाढतो. आता ह्या चित्रपटाची ‘तांत्रिक टीप’ आजच्या पद्धतीने लिहून पाहावी. प्रत्येक चौकटीचे अपर्चर आणि शटर नमूद करावे. शेकडो आकडे जमतील, बहुतेक एकमेकांसारखे, आणि त्यांतला एकही आकडा अंकुर का वाढला हे सांगणार नाही. कारण कृती कोणत्याही चौकटीत नसून दोन चौकटींमधल्या वाट पाहण्यात आहे.

फाळक्यांना हे माहीत होते. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. १९१७ मध्येच चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी काढला; त्याच्या उरलेल्या तुकड्यांत ते स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना दिसतात. धंद्यात प्रतिस्पर्धी उभे राहत असताना आपल्या कामाचे अंतरंग असे उघडे करणे हे व्यापारी शहाणपणाचे लक्षण नव्हते. ज्या समाजात कारागिराने ‘गुरुकिल्ली’ मुलालाही मरतेसमयी द्यावी अशी रीत होती, तेथे तर नाहीच. त्यांनी दाखविले ते आकडे नव्हेत. हात कोठे जातो आणि डोळा काय शोधतो, ते दाखविले.

छायाचित्रकाराची टीप किती दूरवर जाऊ शकते ह्याचा उत्तम नमुना मात्र महाराष्ट्राबाहेरचा, किंबहुना देशाबाहेरचा आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स ह्यांनी १९८३ मध्ये आपल्या चाळीस चित्रांच्या निर्मितीची हकीकत एका ग्रंथात सांगितली. त्यांतील न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाच्या चंद्रोदयाचे चित्र सर्वांत प्रसिद्ध. संध्याकाळ होत आलेली, गावच्या दफनभूमीतील क्रूसांवर शेवटचे ऊन, वर चंद्र. ॲडम्स ह्यांनी मोटार थांबवून मोठा कॅमेरा उभा केला आणि ऐन वेळी प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास २५० कँडल असते, एवढे त्यांना आठवत होते. त्यावरून त्यांनी हिशेब केला : एफ ३२, १ सेकंद. दुसरी प्लेट घेण्यासाठी ते वळले, तोच क्रूसांवरचे ऊन गेले.

हा हिशेब वाचकाला पडताळून पाहता येतो, हे त्या टिपेचे खरे मोल आहे. फिल्मची गती ६४; तिचे वर्गमूळ ८, म्हणून एफ ८ हे मूळ अपर्चर धरावे. त्या अपर्चरला ज्या वस्तूची तेजस्विता २५० आहे तिला १/२५० सेकंद दिला, तर ती चित्रात मध्यम करडी उतरते. परंतु चंद्र करडा नको, उजळ हवा; तोही पांढरा फटक पडून त्यावरचे डाग पुसले जातील इतका नको. म्हणून मध्यमापेक्षा दोन पायऱ्या वर. प्रत्येक पायरी दुप्पट, म्हणजे चौपट प्रकाश. २५० ला चाराने भागून सुमारे ६०, अर्थात १/६० सेकंद. गडद पिवळा फिल्टर प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर आणतो; तेव्हा १/२० सेकंद. अपर्चर एफ ८ वरून एफ ३२ वर नेले की प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. १/२० ची सोळापट म्हणजे ४/५ सेकंद. ॲडम्स ह्यांनी १ सेकंद दिला. ह्या साखळीतील एकच दुवा कलावंताचा आहे, ‘दोन पायऱ्या वर’ हा. बाकी सर्व अंकगणित. पण तो एक दुवा सांगितल्यामुळेच अंकगणिताला अर्थ येतो. चंद्र पांढरा ठिपका नसून प्रकाशित खडक आहे, हा निर्णय त्या ‘दोन’ मध्ये आहे. केवळ ‘एफ ३२, १ सेकंद’ एवढे वाचून तसल्याच संध्याकाळी कॅमेरा लावणाऱ्याच्या हाती काहीही लागणार नाही.

ह्या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच बोधक आहे. ज्या माणसाला चंद्राची तेजस्विता आठवत होती, त्याला चित्र कोणत्या वर्षी काढले हे आठवत नव्हते; ह्या चित्राला त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळी साले दिली. शेवटी चित्रातील चंद्राच्याच स्थानावरून खगोलाभ्यासकांनी तारीख काढली. पहिला निष्कर्ष ३१ ऑक्टोबर १९४१ असा होता. १९९१ मध्ये तो सुधारून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे, असा ठरला. ह्यावरून कोणी म्हणेल की कर्त्याची आठवण अविश्वसनीय असते; यंत्राने नोंदविलेला आकडाच बरा. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा. कर्त्याचे निवेदन चुकू शकते, आत्मसमर्थनाकडे झुकू शकते, घडून गेलेल्या योगायोगाला मागाहून योजनेचे रूप देऊ शकते. हे आत्मचरित्राच्या वाचकाला नवे नाही. तथापि कारण देणाऱ्या टिपेत तिची चूक सापडण्याची सोय असते. यंत्राच्या आकड्यात चूक नसते आणि म्हणून त्याच्याशी वादही करता येत नाही.

१९९५ मध्ये जपानी उद्योगसंस्थेने प्रत्येक डिजिटल चित्रासोबत त्याची माहिती साठविण्याचा ‘एक्झिफ’ हा संकेत ठरविला. तेव्हापासून अपर्चर, शटर, आयएसओ, भिंगाचे केंद्रांतर आणि वेळ ही माहिती चित्रात आपोआप भरली जाते; मनगटावर वही ठेवून ती टिपण्याचे कष्ट संपले. अपेक्षा अशी करता आली असती की आकड्यांचा भार यंत्राने उचलल्यावर छायाचित्रकार कारणांविषयी लिहू लागतील. बहुतांशी उलटे झाले. यंत्र जे देते तेच ‘सेटिंग’ म्हणून पुढे केले जाऊ लागले आणि यंत्र जे देत नाही (ऊन कोणीकडून होते, ढग किती वेळ थांबला, किती चित्रे टाकून दिली) ते सांगण्यासारखे नाही, अशी समजूत पक्की होत गेली.

संगीताच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. पंडित भातखंडे ह्यांनी घराण्यांच्या पेटाऱ्यांतील चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या, तेव्हा कागदावरील स्वर म्हणजे गाणे नव्हे, अशी हरकत घेतली गेली. हरकत खरी होती. परंतु छापलेल्या चिजेने गाण्याचे नुकसान झाले नाही, कारण स्वरलिपी वाचून गवई होता येते असे शहाण्या माणसाने मानले नाही. पाकशास्त्रातील उदाहरण उलट बाजूचे आहे. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) ‘अंदाजाने’ ह्या शब्दाची जागा वाटी-चमच्याच्या मापाला दिली आणि परगावी संसार थाटणाऱ्या नवख्या मुलींची मोठी सोय झाली. तेव्हा मापाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. छायाचित्रणातील नवशिक्यालाही आकड्याचा आधार हवा असतो, आपला अंदाज कितीसा चुकला हे पाहण्यासाठी तरी. फरक इतकाच की डाळ वाण्याकडून आणता येते. ऊन आणता येत नाही.

आकडा पुरा खरा असून टीप खोटी ठरण्याचा प्रसंगही येतो, आणि तो सह्याद्रीत दरवर्षी घडतो. पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ह्या परिसरात झाडे काजव्यांनी उजळतात. त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रांत झाडावर अक्षरशः तेजोमेघ उतरलेला दिसतो. पद्धती अशी : कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करून, अपर्चर पूर्ण उघडून, पंधरा-तीस सेकंदांची चित्रे एकामागून एक घ्यावयाची, पुष्कळदा झाडाचे चित्र संधिप्रकाशात आधीच घेऊन ठेवावयाचे, आणि मागाहून सर्व चित्रे संगणकावर अशी एकत्र करावयाची की प्रत्येक बिंदूवर जो उजळ असेल तो राहावा. खाली लिहितात : ‘३० सेकंद, एफ १.८, आयएसओ १६००.’ एकेका थराविषयी हे खरे आहे. पण डोळ्यांसमोरचे चित्र तीस सेकंदांचे नसून कदाचित तासाभराचे आहे. त्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या माणसाने ते कधी पाहिले नाही. असे चित्र काढू नये असे नव्हे. फाळक्यांचा अंकुरही कोणी तसा पाहिला नव्हता. फाळक्यांनी काळ आवळला आहे हे मात्र प्रेक्षकाला कळत होते आणि त्यातच गंमत होती. काजव्यांच्या चित्रात ते कळत नाही. ते कळविण्याचे काम टिपेचे, आणि ती तीन आकडे देऊन गप्प बसते. पाहणारा मग तेजोमेघ शोधीत रानात जातो, तो न दिसल्याने विजेरी लावतो, आणि ज्या उजेडाने काजवे एकमेकांना बोलावतात तो ह्या उजेडात बुडतो.

ह्याच ठिकाणी न सांगण्याचाही हक्क मान्य करावा लागतो. काजव्यांचे झाड नेमके कोणते, घरटे कोणत्या फांदीवर, हे छायाचित्रकाराने लपविले तर त्याला कृपण म्हणता येत नाही. अनेक निसर्गचित्रस्पर्धा घरट्यांची चित्रे स्वीकारीतच नाहीत. कृतीचे कारण सांगणे आणि ठिकाणाचा पत्ता सांगणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रचारात असे दिसते की पत्ता सढळपणे दिला जातो आणि कारण राखून ठेवले जाते. निदान त्याची आठवण राहत नाही.

मराठीत छायाचित्र ‘घेण्या’पेक्षा ‘काढणे’ हेच क्रियापद अधिक रुळले. पाणी विहिरीतून काढतात, चित्र कागदावर काढतात, काटा पायातून काढतात. प्रत्येक ठिकाणी काढणाऱ्याच्या हाताची काही करामत गृहीत असते. बगाडाच्या त्या काल्पनिक टिपेत ही करामत यावयाची, तर ती लांबलचक व्हावयास हवी असे नाही. मिरवणूक पूर्वेकडे जाते. ऊन तिच्या पाठीवर. गळकऱ्याची पाठ आणि गळ स्पष्ट दिसावेत म्हणून छायाचित्रकार मिरवणुकीच्या मागे राहिला. गर्दीचे चेहरे त्यामुळे गमावले, ह्याची त्याला जाणीव होती. उडणाऱ्या धुळीने पांढुरकेपणा येईल म्हणून एक-तृतीयांश पायरी प्रकाश कमी दिला. आणि सर्वांत शेवटी, द्यावयाचेच असतील तर, एफ ८, १/१००० सेकंद, आयएसओ २००. पुढल्या चैत्रात आभाळ भरून आले, तर वाचकाला ह्यांतली फक्त शेवटची ओळ बदलावी लागेल.